आकडा दहाच्या आत

सोमवार. खोली: झोपायची. आकडा: ३८. शेरा: उशाशी लहरी जास्त.

नवऱ्याच्या नोंदवहीत एवढंच आहे. शेऱ्याचा रकाना जेमतेम दोन बोटं रुंद, त्यात मावणार तरी काय? न मावलेलं सगळं बायकोला माहीत होतं. ती शिवणकाम करायची, पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी.

नवऱ्याने उभा जन्म वजनं-मापं तपासण्यात घालवला होता. त्याने लिटरचं माप हातात घेतलं, की दुकानदाराच्या कपाळाला घाम फुटायचा. मापाच्या बुडाला नखाएवढा पोचा दिसला तरी दुकानाला टाळं. लोक त्याला मापसाहेब म्हणायचे, आणि मनातल्या मनात बायकोही. दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला आणि त्याची झोप उडाली, म्हणजे असं त्याचं म्हणणं. मग कुणीतरी त्याला सांगितलं की भिंतींतून लहरी येतात, फोनच्या, टॉवरच्या, शेजाऱ्यांच्या. त्याने तळहातावर मावेल असं एक यंत्र आणलं. बटण दाबलं की आकडा. जन्मभर दुसऱ्यांची खोट पकडली, आता ती त्याला स्वतःच्या घरात सापडली, आणि फार दिवसांनी गडी खुशीत दिसला.

पहिल्या आठवड्यात घरातलं इंटरनेटचं डबडं गेलं. दारावरची घंटा गेली. दोघांचे फोन एका पिशवीत घालून लेकीकडे पाठवायचे ठरले. पिशवी बायकोने बांधली. तिच्यात फोन एकच होता. दुसरा तिने चिंध्यांच्या गाठोड्यात खुपसला होता, कारण रोज चार वाजता तिच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा, फोन यायचा. ताई बोलायची आणि ही ऐकता ऐकता गोट दुमडायची. बावीस वर्षांत किती गोट झाले असतील कोण जाणे.

बुधवार. खोली: झोपायची. आकडा: ४६. शेरा: जाळीचे पडदे लावले.

पडदे तिनेच शिवले. कापडात चांदीची तार, हाताला गार लागणारं आणि सुईचा वैरी. अकरा सुया मोडल्या. बाराव्या सुईला पडदे झाले, खिडक्यांवर चढले, आणि आकडा आठने वाढला.

मापसाहेब म्हणाले, लहरी चवताळल्या आहेत.

बायकोची नजर चिंध्यांच्या गाठोड्याकडे गेली. कोपऱ्यावरचा फोन दुरुस्त करणारा पँट आखूड करायला आला, तेव्हा तिने त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, मावशी, बंद घरात फोनला बाहेरचं ऐकू येत नाही, म्हणून तो जास्त जोरात ओरडतो. म्हणजे ती एक एक पडदा शिवत होती आणि गाठोड्यातला फोन एक एक पट्टी वर चढत होता.

शुक्रवार. खोली: सर्व. आकडा: ५२. शेरा: भिंतींना रंगाचे तीन हात. काळा.

लहरी अडवणारा रंग काळाच मिळतो. रंगाऱ्याने आधी विचारलं, इथे फोटो धुणार का? मग विचारलं, घरात काही वाईट झालंय का? शेवटी विचारायचं सोडून दिलं. काळ्यावर दोन हात मलईचे मारले, तरी भिंती भांडी घासलेल्या पाण्यासारख्या दिसत राहिल्या.

जेवताना मापसाहेबांनी निकाल सांगितला. रविवारी चार वाजता शेवटची मोजणी. आकडा दहाच्या आत आला तर ठीक, नाहीतर घर विकायचं. दलालाला पाचला बोलावलं होतं. दूर डोंगराच्या कुशीत एक घर त्यांनी हेरून ठेवलं होतं. टॉवर नाही, शेजार नाही.

"तिथे मी कपडे कुणाचे शिवू? डोंगराचे?"

"आधी झोप महत्त्वाची."

तिने ताट उचललं. बावीस वर्षं तिने त्या खिडकीच्या उजेडात सुईत दोरा ओवला होता. कापायचं टेबल तर जिन्यातून वर येईना म्हणून खोलीतच बांधून घेतलेलं. ते न्यायचं कसं? तोडून?

शनिवार. नोंद नाही.

शनिवारी ती गाठोडं घेऊन खाली गेली आणि ते आतल्या फोनसकट कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे ठेवून आली. ठेवण्याआधी ताईला सांगितलं, काही दिवस फोन करू नकोस. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याला म्हणावं, एकदा मला माप. बघू दे मी किती भरते."

रविवार. खोली: सर्व. आकडा: ५२.

शेऱ्यासाठी त्यांनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. बायको टेबलाला टेकली. फोन गेला, ताई गेली, आता घरही जाणार. आणि आकडा तिथेच, जागचा हलला नाही.

मापसाहेब चष्मा पुसायला उठले. यंत्र टेबलावर राहिलं. तिने ते उचललं.

४.

तिने ते खिडकीशी नेलं. ४. कपाटाशी, ५. ते परत आले, तिच्या हातून यंत्र घेतलं, आणि आकडा ५१.

"तुझं धरणं चुकतं. मोजणाऱ्याचा हात स्थिर लागतो. म्हणून तर यंत्र निरीक्षकाच्याच हातात असावं असा नियम आहे."

तिने त्यांच्या हाताकडे पाहिलं. डावा हात. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाहीचा शर्ट, मनगटाशी बटण लावलेलं. शर्ट तिचाच, गेल्या महिन्यात शिवलेला. डावा कफ ताणला होता, काजाचे धागे सुटले होते. उजवा मात्र नव्यासारखा.

इतक्या वर्षांत या माणसाच्या मनगटाचं माप बदललं नव्हतं. तिने गळ्यातली टेप काढली.

"हात पुढे करा."

"आता?"

"कफावरूनच घेते. उजवा."

सात. मग डावा. साडेआठ.

"मनगट सुजलंय का हो?"

मापसाहेब खुर्चीवर बसले. बटण काढलं. आत काळा पट्टा होता, लेकीने वाढदिवसाला दिलेला, झोप मोजणारा. लेकीकडे गेलेल्या आपल्या फोनला तो दिवसभर हाका मारत होता, घर जितकं बंद तितक्या मोठ्याने. यंत्राच्या अगदी नाकाशी.

"झोप किती लागते ते कळायला नको का?" ते म्हणाले.

"मग किती लागते?"

त्यांनी पट्ट्यावर बोट टेकवलं, आकडा उजळला.

"साडेसात तास. पण ते माप खोटं असणार."

तिने ओठ घट्ट आवळले. त्यांचं घोरणं तिने रोज ऐकलं होतं. पट्टा तिने चिमटीत धरला, बाहेर नेला आणि जिन्याच्या कठड्यावर ठेवून दार लावून घेतलं. मापसाहेबांनी डाव्या हातात यंत्र धरलं. ४. सगळ्या खोल्या फिरले. ४, ५, ४. प्रत्येक जागी तीनदा, नियमाप्रमाणे.

दारावर थाप पडली. दलाल. पाचला दहा मिनिटं कमी होती.

"उघडू का?" तिने विचारलं.

मापसाहेब स्वतः गेले. दार बोटभर उघडून म्हणाले की मोजणीत चूक निघाली, तसदीबद्दल माफ करा. बाहेरून आवाज आला, साहेब, कठड्यावर तुमचं घड्याळ पडलंय. ते म्हणाले, राहू दे तिथेच.

आत येऊन त्यांनी ५२ वर काट मारली, शेजारी ४ लिहिला, आणि शेऱ्यात लिहिलं: खोट मोजणाऱ्यात. जन्मात कुणा दुकानदाराबद्दल लिहिलं नसेल इतकं नीट, एकेक अक्षर सुटं. मग इकडे तिकडे पाहिलं.

"तुझं चारला गुणगुणणारं गाठोडं दिसत नाही कुठे."

तिला वाटलं, आता जमीन दुभंगावी.

"तुम्हाला माहीत होतं?"

"जन्म गेला लपवलेली मापं हुडकण्यात," ते म्हणाले. "घेऊन ये जा. ताई खोळंबली असेल."

ती चपला घालेपर्यंत त्यांनी नोंदवहीचं नवं पान उघडलं होतं. तिने उलट्या बाजूनेच वाचलं.

रविवार. खोली: शिवणाची. जागा: चिंध्यांचा कोपरा. आकडा: घेतला नाही. शेरा: घेणार नाही.