ज्याला दिसतं त्यानं ओरडावं

आदल्या संध्याकाळी बाबांचा फोन आला तेव्हा मी भुवनेश्वरच्या हॉटेलात बुटांच्या नाड्या बदलत बसले होते. बाबा जबलपूरला, आमच्या अधारतालच्या मुख्य रस्त्यावर भाजी घेत होते. मागून कुणीतरी ओरडलं, "क्या यामिनी भैया, कल मैच है ना?" आणि बाबा खूश होऊन हसले. माझी जुनी आठ नंबरची जर्सी घालून ते रोज फिरायला जात. पाठीवर माझं नाव, म्हणून अर्धं अधारताल त्यांना यामिनी भैया म्हणायचं. जन्मभर शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाबांना ‘गुणवंत सर’पेक्षा हेच नाव जास्त आवडायचं.

"उद्या तरी सामोर पास दे," ते म्हणाले. "काहून सारखी मागं देऊन राहते तू? गोल तिकडे आहे ना!"

"बाबा, पुढे वाट नसली की मागे द्यावाच लागतो. मिडफिल्डरचं कामच ते."

"म्हणे कामच ते! नदीला सांगून पाहा बरं, वाट नाही तर मागं जा म्हणून."

हा आमचा वाद मी शाळेत असल्यापासून चालला होता. मग ते म्हणाले, "सामना झाला की दोन दिवस घरी ये. आईनं गच्चीवर वाळवणं घातली आहेत आणि राखणीला मी एकटा. चिमण्या ऐकून नाही राहिल्या माझं. ड्यूटी वाटून घेऊ."

"येते," मी म्हटलं. एवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात असतानाच बाबा गेले.

पैसे घेऊन फुटबॉल खेळायला लागून मला आठ हंगाम झाले. पहिला क्लब दोन वर्षांत बंद पडला. दुसऱ्यात असताना गुडघा गेला, तेव्हा बाबा महिनाभर माझ्याजवळ राहिले आणि मला वाचनाची खरी गोडी लावून परतले. तिसऱ्या क्लबनं मला मधल्या फळीत कायमची जागा दिली. ही जागा अशी आहे की चेंडू येण्याआधीच मागे वळून पाहून घ्यावं लागतं. तरीही पाठीमागचं सगळं एकटीला दिसत नाही. म्हणून मैदानावर एक नियम असतो. तुझ्या पाठीवर कुणी धावून येतंय हे ज्याला दिसतं, त्यानं ओरडायचं. आमचे मॅनेजर आनंद सर नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच सांगतात. चुकीचा पास दिलात तर माफ आहे, पण दिसत असून गप्प राहिलात तर संघात जागा नाही.

सामन्याच्या दिवशी नाश्त्यानंतर सगळ्यांचे फोन एका निळ्या पिशवीत जमा होतात आणि ती पिशवी आनंद सरांकडे असते. खेळाडूचं लक्ष विचलित होऊ नये, एवढाच हेतू. त्या सकाळी माझा फोन त्या पिशवीत वाजत राहिला. मग बाबांचे धाकटे भाऊ, अंबादास काका, यांनी थेट सरांना फोन केला. सरांना उपांत्य फेरीसाठी मिडफिल्डर हवी होती. काकांना काय हवं होतं ते मला पुढे कळलं. दोघांची सोय एका फोनवर जमली.

मी दुपारी खेळले. शेवटच्या काही मिनिटांत माझ्या पासवर गोल झाला. आम्ही जिंकलो आणि कॅमेऱ्यासमोर आम्ही सगळ्या नाचलो. सर हसत टाळ्या वाजवत होते. नाचून घाम पुसत आत आले, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन बाबांचं सांगितलं. तोपर्यंत ग्वारीघाटावर चिता पेटली होती.

रात्रीच क्लबनं तो नाच सगळीकडे पसरवला. खाली लिहिलं होतं : पितृशोक गिळून मैदानात. हजारोंनी हात जोडले. कुणीतरी असंही लिहिलं की बाप मेला आणि पोरगी नाचतेय. मी सरांना फोन केला.

"सर, वो पोस्ट हटाइए. मुझे तो पता ही नहीं था."

"यामिनी, लोग तुझसे इंस्पायर हो रहे हैं. थोड़ा बड़ा सोच."

मी फोन ठेवला. पोस्ट अजून तिथंच आहे.

घरी आले तर आईनं मला जवळ घेतलं, पण त्यात ऊब नव्हती. ताट वाढलं, पाण्याचा पेला भरून ठेवला, एखाद्या पाहुणीला ठेवावा तसा. काकांच्या मुलाचं, चिरागचं, डोकं भादरलेलं होतं. बाबांना मी एकटीच. मी गेलो की माझं सगळं यामिनी करन, असं ते हसत हसत सांगायचे. केलं चिरागनं.

दशक्रिया झाल्यावर आई गच्चीवर बसली होती. वाळवणं कधीच गोळा करून झाली होती. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "मी अंबादासला म्हटलं होतं, उद्या सकाळपर्यंत थांबू, पोरीला येऊ दे. तो म्हणाला, तिला सांगितलं. तीच म्हणाली, माझा सामना आहे, माझ्यासाठी थांबू नका." मग ती म्हणाली, "असो. तुझं कामच तसं आहे."

‘थांबू नका’ हे वाक्य इतके दिवस या घरात माझ्या नावानं वावरत होतं. मी खाली आले.

"काका, थांबू नका असं मी तुम्हाला कधी म्हटलं?"

काका घाटावरच्या भटजींचा हिशेब मिटवून नुकतेच आले होते. "अगं, तू म्हटलं काय अन् मी म्हटलं काय. गरमी किती होती! रात्रभर कसं ठेवायचं? अन् तू आली असती तर हट्टच केला असता, मीच अग्नी देते म्हणून. घाटावर चार लोकांनी काय म्हटलं असतं? चिराग होता ना. घरचाच पोरगा आहे."

"आईला खरं सांगा."

"काहून? सगळं जबलपूर तुझी वाहवा करून राहिलं. वहिनीला धीराची पोरगी मिळाली. अब छोड़ो ना, दीदी." लाडात आले की ते मला दीदी म्हणतात.

आई त्यांच्या आधारानं उठत-बसत होती. तिच्या हातून तो आधार काढून घ्यावा असं मला वाटेना. मी तेरावं होऊ दिलं. पण आई रोज माझा पेला भरून ठेवत होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी राइट टाउनच्या मराठी मंडळानं शोकसभा ठेवली. शोकसभा आणि त्यातच माझा सत्कार. हार घातलेल्या फोटोशेजारी शालीचं ताट मांडलेलं होतं. मंडळाचे अध्यक्ष शरच्चंद्रजी म्हणाले, "पित्याचा देह घरी आणि कन्या मैदानावर! तरुण पिढीनं हिच्याकडून कर्तव्य शिकावं." लोकांनी टाळ्या वाजवल्या, शोकसभेत. पहिल्या रांगेत काका सगळ्यांत जोरात वाजवत होते. त्यांच्या शेजारी आई बसली होती. तिचे हात मांडीवरच होते.

शाल माझ्या खांद्यावर आली. "दो शब्द बोलो, बेटा," अध्यक्षांनी माईक माझ्याकडे सरकवला.

आभार मानून बसता आलं असतं. समोर आई होती. तिच्या पाठीमागून एक खोटं कितीतरी दिवस धावत येत होतं. ते मला दिसत होतं, काकांना दिसत होतं, आणि ओरडत कुणीच नव्हतं.

मी शाल काढून घडी केली आणि ताटात परत ठेवली.

"आई," मी म्हटलं. माईकमधून आवाज फार मोठा आला, पण मी तो लहान केला नाही. "बाबा गेले हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझा फोन काढून घेतला होता. काकांनी सरांना सांगितलं आणि दोघांनी मिळून माझ्यापासून लपवलं. थांबू नका असं मी म्हटलेलं नाही. मला सकाळी कळलं असतं, तर मी बूट तिथंच टाकून निघाले असते. मी आले असते, आई. आणि मी नाचले ते बाबा मोबाइलवर बघत असतील म्हणून."