भुताला भाऊ कुठला

पिच्चरमधलं सगळं रक्त कोकिळानं केलं होतं. काकवीत लाल रंग, मूठभर मैदा, आणि काळपट झाक यावी म्हणून चमचाभर कॉफी. चार दिवसांत तिनं दोन बादल्या रक्त कालवलं. मुंगळे तिच्या पायांवरून चढत आणि ती पदरानं त्यांना हाकलत गुणगुणत राही.

तिचा धाकटा भाऊ शिवप्रसाद पालममध्ये लग्नांचं शूटिंग करायचा. हा त्याचा पहिला पिच्चर. नाव 'गर्भखाई'. गोदाकाठचा ऊस शेतमालक आबासाहेबांनी चार दिवस वापरू दिला होता, आणि आज चौथा दिवस होता. परवा ट्रक येणार आणि कोकिळा नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघणार. तोवर भावाच्या माणसांना भाकरी करून घालायच्या, रक्त कालवायचं, एवढंच तिला ठाऊक. गोष्ट तिनं विचारली नव्हती. भुताची होती, तेवढं पुरे.

भुताचं शूटिंग भर दुपारी चाललेलं.

"रात्र लॅपटॉपात करायची, अक्का. निळा रंग टाकला की झालं," शिवप्रसाद म्हणाला.

"मग भाकरी पण लॅपटॉपातच भाज की. मी खामखा धुरात बसायले."

भूत होती रोहिणी, परभणीच्या कॉलेजात नाटकं करणारी मुलगी. हिरो होता पंडित. त्याचं मेडिकलचं दुकान, कॅमेरा त्याचा, म्हणून भुताला जाळून मारणारा डॉक्टरही तोच. पांढरा कोट त्यानं सकाळपासून उतरवला नव्हता. जाळायचा सीन तेवढा राहिला होता.

जेवणं झाल्यावर कोकिळा म्हणाली, "दाव की रे, काय केलंस ते. माझं रगत कसं दिसतंय बघू."

त्यानं हौसेनं लॅपटॉप तिच्याकडं वळवला.

निळ्या उसातून भूत आलं. केस मोकळे, हातात कोयता. ओटीपोटावर शिवलेला आडवा वण, डाव्या टोकाला वर चढलेला. "माझी पिशवी काढली," भूत घोगऱ्या आवाजात म्हणालं, "तुमची द्या." समोर एक गरोदर बाई पडली होती. कोयता खाली आला. काकवी उडाली. आणि मागं कोकिळाचाच आवाज सुरू झाला.

परवा भाकरी थापताना त्यानं मोबाइल पुढं धरला होता. एक ओवी म्हण, अक्का, पिच्चरला लावायला. तिनं म्हटली होती:

फडाच्या गं बांधावरी, झोळी बांधिते बाभळीला,
शिवप्रसाद बंधू माझा, ऊन लागू देईना बाळीला.

पिच्चरमध्ये झोळी दोनदा बांधली गेली. बंधू आलाच नाही. नुसती पहिली ओळ, मग पुन्हा पहिली ओळ, आणि खाली त्या बाईचं फाटलेलं पोट.

भावाचं नाव आल्याशिवाय कोकिळाच्या तोंडात ओवी मिटतच नसे. आईची तशीच, आजीची तशीच. उघडं दार वाऱ्यावर आपटत राहावं तशी ती ओळ तिच्या कानात आपटत राहिली.

"दुसरी ओळ कुठंय?"

"कापली."

"काहून?"

शिवप्रसाद हसला. "भुताला भाऊ कुठला, अक्का?"

पंडितही हसला. कोकिळा हसली नाही. तिनं हाताला चिकटलेलं पीठ सावकाश खरवडून काढलं.

"तो वण कोणाचा हाय, शिवा?"

"कोणाचा न्हाई. मेकअप हाय."

"डावीकडं वर गेलेला. दीड महिना त्याच्यावर पट्टी तूच बांधत होतास. कोणाचा हाय?"

तो लॅपटॉप मिटू लागला. तिनं मध्ये हात घातला.

दहा वर्षांपूर्वी, चोविसाव्या वर्षी, ओटीपोट दुखतं म्हणून ती फडावरून एकटीच माघारी आली होती. नवऱ्याला मुकादमानं सोडलं नव्हतं. सतरा वर्षांचा शिवप्रसाद तिला एसटीनं शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाला, गर्भाची पिशवी सडलीय, ठेवली तर कॅन्सर होईल. कागद पुढं आला. कोकिळाचा अंगठा, आणि खाली नातेवाइकाची सही. दोघांत कागद वाचता येणारं माणूस एकच होतं.

"पिच्चर हाय गं अक्का," तो आता कळवळून बोलायला लागला. "लोकाला भ्या वाटायला पाह्यजे."

"माझं? माझं भ्या?" तिचा आवाज चढला. "आमच्या टोळीत अकरा जणींची पिशवी काढलीय. परवा आमी जाणार. सा महिन्यांनी येऊस्तोवर हे गावोगाव मोबाइलवर फिरंल. बाळंतिणीच्या खोलीत कोण घेईल आमाला? कोणाच्या लेकराला हात लावायचा आमी? माझं पोट कापणारा डाक्टर तुझ्या पिच्चरात हिरो, आणि मी लेकरं खायाले?"

"कोकिळाताई, ऊन उतरायलंय," पंडित मध्ये पडला. "एक सीन राहिलाय. भांडण मग करा."

"तू गप. अंगात तो कोट हाय तोवर माझ्यासंगं बोलू नकू."

रोहिणीनं केसांचा टोप काढून मांडीवर ठेवला. "दादा, मला हे सांगितलं नव्हतं तुम्ही," ती हळूच म्हणाली. "मी नाही जळणार."

"मी तवा लहान होतो," शिवप्रसाद म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं तरी म्हणाला.

"लहान होतास. म्हणून दहा वर्सं ओवीत तुझं नाव घेतलं, एकदा गाळलं न्हाई. आणि तू मला भूत केलंस, भूत करून माझा भाऊ कापलास. काहून? भाऊ ठिवला असता तर सही दावावी लागली असती. व्हय का न्हाई?"

उसात वारा शिरला.

डॉक्टरच्या सीनसाठी आणलेलं टेबल तिनं फरफटत उसापुढं ओढलं. त्यावर पंडितच्या दुकानातला कोरा कागद ठेवला, पेन ठेवलं. "रोहिणी, बाई, तुला कॅमेरा लावता येतो?"

"येतो."

"लाव. आणि तू बस इथं."

"अक्का, मी डायरेक्टर हाय."

"तू भाऊ हायस. बस."

पंडित कॅमेऱ्याकडं धावला. रोहिणी त्याला आडवी गेली. सुरीनं भाजी चिरावी तशा आवाजात ती म्हणाली, "चालू आहे."

शिवप्रसाद बसला. कोकिळा टेबलाच्या पलीकडं भुताच्या जागी उभी राहिली. केस सोडले नाहीत, कोयता घेतला नाही. रोज भाकरी थापताना म्हणायची त्याच सुरात तिनं म्हटलं:

पोटाच्या गं कागदाला, सही कोणाची किती सांगू,
शिवप्रसाद बंधू माझा, न्याव कोणाच्या दारी मागू.

त्याचे खांदे हलू लागले. तिनं त्याला रडू दिलं, पण पेन त्याच्या बोटांत खुपसलं. "लिही."

त्यानं सही केली. तिला वाचता येत नव्हतं, पण सहीखालची ती झोकदार रेघ तिनं ओळखली. दवाखान्यातही त्यानं अशीच ओढली होती, दहावी पास झाल्याच्या ऐटीत. तिनं रक्ताचा मग उचलला आणि कागदावर उपडा केला. काकवी टेबलभर पसरली, कडेनं त्याच्या मांडीवर गळू लागली.

"पूस आता."

त्यानं तळहातानं पुसलं. कोपरापर्यंत लाल झाला. बाहीनं पुसलं. सही दिसेना, पण लाल हटेना. त्यानं मान वर करून कॅमेऱ्याकडं बघितलं. कट म्हणायचं काम त्याचंच होतं.

"अक्का, पुरे कर."

"मला कोणी इचारलं होतं, पुरे का म्हणून?" कोकिळानं चिकट कागद उचलून बाजूला फेकला आणि दुसरा कोरा त्याच्यापुढं ठेवला. "वाच आधी. त्या दिशी मला वाचून दावला न्हाईस. मोठ्यानं वाच, काय काय काढणार ते. मग कर सही."

"कोरा हाय गं ह्यो."

"तुला पाठ हाय," ती म्हणाली. "वाच."

त्यानं कोऱ्या कागदावर डोळे टेकवले आणि वाचायला सुरुवात केली.