कपाटात गेलेली मिठाची वाटी

मी एक जुनी, काचेची, अर्ध्या लिंबाएवढी मिठाची वाटी आहे. मित्रांनो, माझी कहाणी ऐकून गळा दाटून येईल अशा तयारीने बसला असाल, तर उगाच बसला आहात. माणसांविषयी माझे मत बरे नाही आणि ते मी लपवणारही नाही.

माझ्या जन्मात कौतुक करण्याजोगे काही नाही. कारखान्यात एका कामगाराने भट्टीतून वितळलेल्या काचेचा गोळा काढला, कात्रीने कापून लोखंडी साच्यात सोडला, दुसऱ्याने वरून दट्ट्या दाबला आणि मी तयार झाले. साच्याचे तुकडे जिथे जुळत होते, तिथे माझ्या अंगावर उभे, बारीक सांधे राहिले. अंगावरचे पैलू पाहून ते हाताने कोरले असावेत असे वाटते. तसे वाटावे म्हणूनच ते पाडले होते. श्रीमंतांच्या घरी कोरीव काच असे. ज्यांना ती परवडत नसे, पण पाहुण्यांसमोर मिरवायची हौस मात्र दांडगी असे, त्यांच्यासाठी आम्हाला साच्यातून काढत. म्हणजे मी मुळातच नक्कल आहे. आज माझी नक्कल दिसली की जाणकार लोक नाक मुरडतात, तेव्हा मला हसू आवरत नाही.

अशाच मिरवणाऱ्या घरांतून फिरत फिरत मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे आले. तिला सगळे आत्या म्हणत. तिने मला कधी सुंदर म्हटले नाही. ओल्या हातांनी उचलले, ओट्यावरून सरकवले, कधी धुतले तर कधी नुसतेच झटकले. त्या सरकवण्याने माझ्या बुडावर वेडेवाकडे चरे पडले. पुढे तिची नजर गेली, पण आत्या कुणावर विसंबली नाही. ती चाचपून सुई ओवायची, आच हाताने अजमावून भाजी परतायची. माझ्या सांध्यावर अंगठा टेकला की हे मीठ, आणि शेजारची गुळगुळीत वाटी म्हणजे साखर, एवढे तिला पुरे होते. सगळ्या माणसांत फक्त हिच्याविषयी माझी तक्रार नाही.

तिचा एक भाचा होता. तरुणपणी याच शहाण्याने माझ्यात सिगारेटची राख झटकली होती आणि आत्याची बोलणी खाल्ली होती. निवृत्तीनंतर रिकामा वेळ खायला उठला, तेव्हा तो जुनी काच जमवणाऱ्यांच्या मंडळात जाऊ लागला. ही मंडळी आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमतात आणि भिंगे घेऊन भांड्यांवर ओणवी होतात. नवी नक्कल जाड असते, हाताला तेलकट लागते. बुडावरचे चरे एकाच दिशेने गेलेले असतील, तर कुणीतरी पॉलिश पेपरने घासून म्हातारपण आणलेले असते. एवढे शिकल्यावर भाचा स्वतःला फार मोठा समजू लागला.

एका रविवारी तो आत्याकडे चहाला आला आणि जन्मात पहिल्यांदा त्याने माझ्याकडे नीट पाहिले. बूड बघायच्या घाईत त्याने सगळे मीठ ओट्यावर ओतले.

"काय रे, काय सांडलंस?" आत्याने विचारले.

"काही नाही गं, जरा धक्का लागला."

मागितली असती, तर तिने मला हसत दिली असती. पण मागायला तोंड उघडावे लागते आणि वाटी मोलाची आहे हे कबूल करावे लागते. पुढच्या रविवारी त्याने बाजारातून तसल्याच नक्षीची नवी वाटी आणली, तिच्यात मीठ भरले आणि मला रुमालात गुंडाळून खिशात टाकले. मग निर्लज्जासारखा जेवायलाही बसला. खिशातून मी सगळे ऐकले.

"अरे, ही कुणाची वाटी?" आत्या म्हणाली.

"तुझीच की."

"माझी? मग हिचा तो कंगोरा कुठं गेला? अशी बुळबुळीत का लागतेय?"

"आत्या, वाटी तीच आहे. तुझी बोटं बधिर झाली असतील. वय झालं आता."

आत्या हळूच म्हणाली, "असेल बाबा. डोळे गेले, आता बोटंही चालली म्हणायची."

त्याला तेव्हाही खरे सांगता आले असते. तो म्हणाला, "भाजी मस्त झालीय हं."

आता मी त्याच्या दिवाणखान्यात, दिवे लावलेल्या कपाटात असते. परवा त्याची बायको आत्याकडे जाऊन आली.

"आत्यांनी स्वयंपाक सोडला," ती सांगत होती. "म्हणतात, हाताला काही कळेनासं झालंय, गॅसजवळ जायची भीती वाटते. डबा लावलाय. सुईदोरेसुद्धा शेजारणीला देऊन टाकले. दिवसभर हात मांडीवर ठेवून बसून असतात. अहो, सांगून का टाकत नाही?"

"आता सांगितलं तर माझ्याबद्दल काय वाटेल तिला?"

बायको पदराने कपाटाची काच पुसून आत गेली. तीही त्यातलीच.

त्याच संध्याकाळी मंडळ जमले. एका गृहस्थाने डोळे मिटून माझ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "वा! हाताला लगेच कळतं, अस्सल आहे."

"मी नेहमी सांगतो," भाचा म्हणाला, "डोळे फसतात. बोटं कधी फसत नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला या लोकांची किळस आली.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी आम्ही वस्तूंनी गयावया करायची असते. मला जपा, पुसा, टाकू नका, वगैरे. मला तसले काही नको. मी काच आहे, मला मखमलीवर ठेवा नाहीतर उकिरड्यावर फेका, मला काही दुखत नाही. ज्याला दुखते त्याला जपायचे असते, हे तुमच्या मोठ्या माणसांना कळत नाही. तुम्हाला कळत असेल, तर एक काम करा. आत्याच्या घरी जा, तिचे हात हातात घ्या आणि तिला सांगा, "आजी, तुमची बोटं शाबूत आहेत. ती वाटी तुमची नव्हती."