चार हातांवरचा दिवा

बल्ब म्हणजे काचेत कोंडलेली चूल. हे मी जन्मभर सांगत आलो आणि लोक जन्मभर हसत आले. धूर नाही, राख नाही, मग जाळ कसला, असं त्यांना वाटतं. मग मी चिडतो. माझी बायको म्हणायची, दुनियेच्या घरात फ्यूज बसवत हिंडता, तेवढा स्वतःत एक बसवून घ्या. खरंच आहे ते. पण बोईसरच्या त्या एका घरात माझ्या रागानंच घात केला, आणि तो राग मी अजून स्वतःला माफ केलेला नाही.

सदुसष्ट सालचा चैत्र होता. तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. मी अमळनेरचा, एका ठेकेदाराकडे वायरमन म्हणून तिथं लागलो होतो. दिवसभर कामावर आणि सुटल्यावर बोईसरात कुणाच्या घरी पंखा, कुणाच्या घरी बटण, असं चालायचं. वीज नवी होती, लोकांना हौस होती.

त्याच कामावर शांताराम म्हणून स्टोअरकीपर होता, मूळचा साताऱ्याकडचा. दोन खोल्यांचं बिऱ्हाड. बाहेरची खोली, मागे आतली खोली. घरात बायको उषावहिनी आणि आई इंदुबाई. उषावहिनी पुण्याच्या. त्यांच्या माहेरी चैत्रगौरीपुढं आरास मांडायची रीत होती: पायऱ्या करायच्या, वर गौर बसवायची, खाली बाहुल्या, खेळणी मांडायची आणि बायकांना हळदीकुंकवाला बोलवून आंब्याची डाळ, पन्हं द्यायचं. त्या वर्षी शांतारामच्या साहेबांची बायको यायची होती. त्यामुळे शांताराम आठ दिवस जमिनीवर नव्हताच. त्यानं पालघरच्या सुताराकडून चारही बाजूंनी बंद असं काचेचं कपाट करून आणलं, पाठीला आरसा लावला आणि मला म्हणाला, "मिस्त्री, वरच्या फळीला आतून साठचे दोन बल्ब टाका. बाहुल्या कशा झगमगल्या पाहिजेत."

बाहुल्या इंदुबाईंच्या होत्या. तेरा. कचकड्याच्या म्हणजे सेल्युलॉइडच्या, वीतभर उंचीच्या. त्यांचे यजमान मारुतीराव एस.टी.त ड्रायव्हर होते. जत्रांच्या जादा गाड्या त्यांच्याकडे असायच्या. औंध, पाली, म्हसवड, मांढरदेव... दर वर्षी एका जत्रेतून बायकोसाठी एक बाहुली. चाळिशीच्या बाईला बाहुली आणतात म्हणून डेपोतले लोक चेष्टा करायचे. ते म्हणायचे, सोनं आणायची ऐपत नाही, हसू तरी घरी नेतो.

मारुतीराव गेले तेव्हा इंदुबाईंनी पांढरं पातळ नेसलं. पेटीतली रंगीत लुगडी वाटून टाकायची रीत. त्यांनी ती वाटली नाहीत. हिरवं, डाळिंबी, हळदी, सगळ्यांचे काठ कापले आणि तेरा बाहुल्यांना नऊवारी नेसवली. पदर, निऱ्या, काष्टा, सगळं सुईनं टाचलेलं. कपाळावर बारीक कुंकू. त्या बाईच्या आयुष्यातला होता नव्हता तो सगळा रंग त्या कपाटात उभा होता. हे मला पहिल्याच दिवशी दिसलं, म्हणून सांगतो.

हळदीकुंकवाच्या दिवशी त्या स्वतः मात्र आतल्या खोलीत दार लोटून बसायच्या होत्या. कुणी तसं सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. बाहुल्या बाहेर, बाई आत.

मी कपाट बघून म्हटलं, "बंद जागेत दोन साठचे? आत भट्टी होईल."

शांताराम म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही तारा जोडा. शोभेचं आम्ही बघतो."

माझं डोकं सणकलं. म्हटलं, तुझं कपाट, तुझ्या बाहुल्या, मला काय! रागाच्या भरात माणूस नको तितका आज्ञाधारक होतो. मी तोंड मिटून दोन होल्डर ठोकले, तारा ओढल्या आणि पाना पिशवीत टाकला. तिथं भांडलो असतो तर बरं झालं असतं. जिथं तिथं भांडणारा मी, नेमका तिथं गप्प बसलो.

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी, चारच्या सुमाराला, सगळं मांडून बघायचं ठरलं. खिडक्या लावल्या, मी बटण दाबलं. कपाट उजळलं. आरशामुळे तेराच्या सव्वीस बाहुल्या झाल्या. उषावहिनींनी टाळीच वाजवली. इंदुबाई आतल्या दारात उभ्या राहून बघत होत्या.  पंधरा-वीस मिनिटं गेली असतील.

मग वास आला. कापराचा, मंद, गोड. आधी कळे न कळेसा, मग खोलीभर.

इंदुबाईंनी हात जोडले. "गौर आली," त्या हळूच म्हणाल्या. उषावहिनींनी पदर सावरून नमस्कार केला. शांतारामनं मान लववली. आणि खोटं कशाला सांगू, मीही हात जोडले. चैत्राचा महिना, समोर देवी, कापराचा वास. आपल्या माणसाचे हात आपोआप जुळतात, डोकं नंतर चालतं.

डोकं चाललं ते बुधीचं. बुधी त्यांच्याकडे भांडी घासायला यायची, डोंगराकडच्या पाड्यावरची, वयस्क बाई. ती मागच्या दारातून राखेचे हात घेऊन डोकावली. "बाय, आरती तं झाली नाय," ती म्हणाली, "मंग कापूर कोनी लावला?"

उषावहिनींनी देवघराकडे पाहिलं. कापराची डबी बंद होती.

तेव्हा मला लख्ख आठवलं. लहानपणी आमच्या आळीत एक कासार होता, कचकड्याच्या बांगड्या गरम पाण्यात टाकून वाकवायचा. तेव्हा हाच वास यायचा. कचकड्यात कापूर असतो. तो तापला की सुटतो. देवी आली नव्हती. बाहुल्या शिजत होत्या.

मी बटण बंद केलं आणि कपाटाचं दार उघडलं. तापल्या तव्यावर वाकल्यासारखी झळ तोंडावर आली. वरच्या फळीवर, बल्बाच्या अगदी खाली उभ्या असलेल्या बाहुलीचा उजवा गाल आत गेला होता आणि एक डोळा ओघळून नाकापाशी आला होता. अंगावरचं हिरवं नऊवारी मात्र जसंच्या तसं.

"एकच बिघडली ना?" शांताराम घाईनं म्हणाला. तो ओशाळला होता, पण हट्ट सुटत नव्हता. "साठच्या जागी पंचवीसचे लावा, झालं."

"अहो, हे नुसतं वितळत नाही, पेटतं," मी म्हणालो. "एक पेटली की तेराच्या तेरा जातील. बाजूला बायका बसलेल्या असतील."

"कंगव्याच्या जातीची वस्तू, मिस्त्री. ती काय पेटणार!"

मी आवाज चढवणार, तेवढ्यात इंदुबाई पुढे आल्या. त्यांनी माझ्या हातातून ती बाहुली घेतली आणि खाली बसल्या. एकेक टाका नखानं उसवत तिचं हिरवं लुगडं सोडलं, नीट घडी करून मांडीवर ठेवलं. मग पदराच्या टोकानं तिच्या कपाळावरचं कुंकू पुसलं. मला ते बघवलं नाही, मी भिंतीकडे तोंड केलं.

"घ्या," त्या मला म्हणाल्या. "पेटवून दावा त्याला. सांगून कळायचं न्हाई."

मागच्या अंगणात कपडे धुवायच्या दगडावर मी बाहुली ठेवली आणि लांबून काडी लावली. भस्सकन हातभर पिवळा जाळ उठला. बुधी "बाय गं!" करून मागे सरली. मी मनात पाच मोजायच्या आत दगडावर काळा डाग राहिला होता, दुसरं काही नाही. वास मात्र कापराचाच.

शांताराम त्या डागापाशी वाकला. मग त्यानं विचारलं, "आई, ही कुठली होती?"

"शिंगणापूरची. शेवटची. ती आणली आन् त्याच रात्री त्यांनी अंथरूण धरलं." एवढं बोलून त्या आत गेल्या.

शांताराम दगडावर बसला आणि पोरासारखा रडला. मी त्याला समजावलं नाही. दोघांपैकी कुणी कुणाला समजवावं? होल्डर माझ्याच हातानं बसवलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी कामावर खाडा केला आणि सकाळीच हजर झालो. आधी कपाटाच्या काचा काढायला लावल्या. आतले होल्डर उपटले. पश्चिमेच्या खिडकीला जाड चादर लावली, कारण उन्हानं लुगड्यांचे रंग उडतात. समई गौरीसमोरून काढून लांब कोनाड्यात ठेवली. मग डालड्याचा डबा कापून एक टोपी केली, तिच्यात चाळीसचा एकच बल्ब घातला आणि जागा शोधत फिरलो.

जागा अशी शोधतात: बाहुली जिथं उभी राहणार तिथं आपला हात धरायचा आणि दिवा लावून शंभर मोजायचे. हाताला ऊब कळली की जागा बाद. मी तळहात धरला होता. इंदुबाई म्हणाल्या, "तुमचे हात कामानं राठ झालेत, मिस्त्री. त्यांना काय कळतंय? बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं मनगट धरा, आतल्या अंगानं." आणि त्यांनी स्वतःचंच मनगट धरलं. तीन जागा त्यांनी बाद केल्या, ज्या माझ्या तळहातानं पास केल्या होत्या.

शेवटी दिवा बाहुल्यांपासून चार हातांवर ठेवल्यावर जमलं. पण खोली होती दहा फुटांची. चार हात म्हटलं की दिवा बसलेल्या बायकांच्या डोळ्यांवर यायचा, नाहीतर त्यांच्या पदरांत. एकच जागा उरली, आतल्या खोलीचं दार. दिवा दाराच्या आत स्टुलावर ठेवायचा आणि उजेड दारातून बाहुल्यांवर टाकायचा.

"म्हणजे दार उघडं राहणार," शांताराम म्हणाला आणि त्यानं आईकडे बघितलं.

"उघडं राहणार," मी म्हणालो. "आणि दिव्यापाशी कुणीतरी बसून राहणार. इथलं व्होल्टेज संध्याकाळी उड्या मारतं. दिवा एकदम भडकला तर लगेच बटण बंद करायचं."

"मी हाय की आतच," इंदुबाई म्हणाल्या.

पाचला बायका जमल्या. मी बाहेर ओट्यावर मीटरखाली बसून होतो. पुरुषाचं तिथं काम नाही, पण फ्यूज सोडून मी हलणार नव्हतो. खिडकीच्या चादरीच्या फटीतून मला खोली दिसत होती. उजेड एका बाजूनं पडल्यामुळे बाहुल्यांच्या चेहऱ्यांना सावल्या आल्या होत्या आणि त्या कालच्यापेक्षा जिवंत वाटत होत्या. वरच्या फळीवर एक जागा मोकळी होती. तिथं इंदुबाईंनी हिरव्या लुगड्याची घडी ठेवली होती.

बायका उजेडात होत्या, इंदुबाई उजेडाच्या मागे. त्यांना सगळ्या दिसत होत्या, पण त्या स्वतः कुणालाच दिसत नव्हत्या. मला वाटलं, चला, एवढं तरी झालं.

साहेबांची बायको वाकून वाकून बघत होती. "अगंबाई, काष्टासुद्धा! कुणी नेसवलं हे?"

उषावहिनींच्या हातात हळदीकुंकवाचं तबक होतं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि दारापाशी गेल्या. "आई, बाहेर या."

आतून आवाज आला, "दिव्यापाशी कोण बसंल?"

मी मान खाली घातली. तो दिवा मीच तिथं ठेवला होता.

"मी बसते," उषावहिनी म्हणाल्या. त्या आत गेल्या, आणि ज्या घरचं हळदीकुंकू त्या घरची मालकीण अंधारात स्टुलाशेजारी जाऊन बसली.

इंदुबाई पांढऱ्या पातळात उजेडात आल्या. एक-दोन बायका चुळबुळल्या. साहेबांच्या बायकोनं सरकून जागा केली. इंदुबाई बसल्या नाहीत. आराशीपाशी उभ्या राहून एकेका बाहुलीकडे बोट दाखवत सांगू लागल्या. ही औंधची, एकोणपन्नास सालची. गाडी घाटात बंद पडली होती, ही त्यांच्या खाकी खिशात बसून चालत आली. ही पालीची, हिच्या अंगावर भंडारा होता. ही म्हसवडची. सांगता सांगता त्यांचा आवाज मोठा होत गेला. मी तो तसा कधी ऐकला नव्हता.

"आणि ही जागा?" कुणीतरी वरच्या घडीकडे बघत विचारलं.

"शिंगणापूरची. ती काल त्यांच्याकडं गेली," इंदुबाई म्हणाल्या. "बाकीच्यांची वाट मोकळी करून गेली."

नेमकं तेव्हा व्होल्टेज चढलं. डब्यातला बल्ब पांढराफटक पेटला. मी उठायच्या आत बटणाचा आवाज आला. उषावहिनींनी सांगितल्याप्रमाणे दिवा बंद केला होता. खोलीत चादरीतून झिरपणारा उजेड तेवढा राहिला.

इंदुबाई त्या अर्धवट उजेडात पुढे सरकल्या. मग बाराव्या बाहुलीवर आल्या आणि मांढरदेवच्या जत्रेचं सांगू लागल्या. व्होल्टेज उतरलं तरी कुणीच दिवा लावा म्हटलं नाही.