बेकरीवालीची मॅट

बोटाला काहीतरी जाडसर लागलं म्हणून मी मशीन थांबवलं. दोरीवर गुंडाळलेल्या पट्टीत शर्टाचं एक काज तसंच राहिलं होतं.

"आई, बटणपट्टी राहिली बघा एक," मी म्हणाले.

"राहिली असेल," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर एक जुनी चादर होती आणि तिच्या काठाला दातांनी चीर पाडून त्या ती टर्रकन फाडत होत्या. "माझ्या डोळ्यांवर किती भरवसा ठेवशील? कापून टाक."

मी कात्री उचलली. कापड निळसर राखाडी होतं आणि काजाचा दोरा तपकिरी. निळा दोरा संपला होता म्हणून मीच तपकिरी वापरला होता. हे म्हणाले होते, "चालेल. लिफ्टच्या खड्ड्यात माझी काजं बघायला कोण येतंय?" मी म्हणाले होते, "मग दुसरीकडून करून घ्या." त्यांनी दुसरीकडून करून घेतलं नव्हतं.

मी कात्री खाली ठेवली. पट्टी ह्यांच्या शर्टाची होती.

अशा वेळी पोटात धस्स व्हायला हवं. मी वाट बघितली, झालं नाही. मी मॅट उचलून खिडकीच्या उजेडात धरली. बाहेरच्या बाजूचे कितीतरी वेढे निळसर राखाडी होते. म्हणजे बाह्या आणि पाठ लावून झाली होती. सकाळपासून मी नवऱ्याचा शर्ट शिवत होते आणि मधे उठून चहासुद्धा करून आले होते.

आमचं काम म्हटलं तर सोपं आहे. कपडे वाळत घालायची सुती दोरी घ्यायची, तिच्यावर कापडाच्या पट्ट्या गुंडाळत जायचं आणि ती दोरी वेढ्याला वेढा लावत गोल गोल शिवत न्यायची. कापड अल्टरेशनच्या दुकानातून येतं, शेजारपाजारचे देतात, कमी पडलं तर घरातलं निघतं. सासूबाई फाडतात, मी शिवते. त्यांना आता अंधूक दिसतं, रंग तर कळतच नाहीत, पण कापड हाताला लागलं की त्या सांगतात, हे टिकेल, हे उसवेल, हे पायाला चावेल. दोरी आणायचं काम ह्यांचं होतं. भेंडोळं खांद्यावर टाकून यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "चिंधीबाई, माल आलाय!" आमच्या पायपुसण्यांना ते गालिचे म्हणायचे.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला नेहमी जिनाच चढावा लागतो, हा त्यांचा ठरलेला विनोद होता. इतक्या वेळा ऐकला होता की मी हसणं सोडून दिलं होतं. मागच्या वर्षी अशाच एका बंद लिफ्टसाठी ते जिना चढत होते आणि वरच्या मजल्याच्या आधीच बसले. हातातली हत्यारांची पेटी त्यांनी नीट पायरीवर ठेवली होती, असं मला तिथल्या वॉचमननं सांगितलं.

तेव्हाही मी रडले नाही. लोक भेटायला आले, माझ्या तोंडाकडे बघत बसले आणि गेले. खालच्या मजल्यावरच्या काकू अजून मधूनमधून येतात आणि सासूबाईंना हळूच विचारतात, "रडली का?" लहान मुलाला दात आले का असं विचारावं तसं. सासूबाई म्हणतात, "रडेल तेव्हा रडेल." मला स्वतःला त्याचं काही वाटत नाही. मला कशाचंच काही वाटत नाही, हीच तर अडचण आहे. जेवते, झोपते, शिवते. फक्त हा एक शर्ट मी न धुता खुंटीवर ठेवला होता. मनात म्हणायचे, ज्या दिवशी काही वाटायला लागेल त्या दिवशी तो घेऊन बसेन.

आता तो सुईखाली होता आणि त्याला फाडणारी बाई समोर खाटेवर बसली होती.

मी तिच्याकडे बघितलं. चादरीच्या पट्ट्या ती मांडीवर ओढून सरळ करत होती, एकसारख्या रुंदीच्या, बोटाच्या मापानं. मुलगा गेल्यावर तिच्याकडे एवढं एकच काम उरलं आहे. ह्या हातांनी आपण मुलाचा शर्ट फाडला हे तिला कळलं, तर ती पुन्हा कापडाला हात लावणार नाही, हे मला माझं नाव माहीत असावं इतकं पक्कं माहीत होतं. मग ती दिवसभर भिंतीकडे बघत बसेल. घरात भिंतीकडे बघणारी मी एक पुरे होते.

सांगायचं नाही, असं मी ठरवलं. काज आत दुमडलं, पट्टी गुंडाळली आणि मशीन सुरू केलं.

मॅट बेकरीवालीची होती. ती सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत फरशीवर उभी असते, तिच्या टाचा संध्याकाळी दगड होतात. तिला गल्ल्यामागे टाकायला जाड मॅट हवी होती आणि संध्याकाळी न्यायला ती स्वतः येणार होती. बेकरीतले पाव उरले की ती आमच्याकडे पाठवून देते, त्यामुळे तिला उद्या ये म्हणणं बरं दिसलं नसतं.

थोडे वेढे झाले असतील. सासूबाई उठल्या, भिंतीला हात लावत आल्या आणि नेहमीसारखा मॅटवर पंजा ठेवला.

"वर येतीये," त्या म्हणाल्या.

"नाही हो."

"अगं, परडी व्हायला लागली की ही! हात आवळलास."

खरं होतं. ह्या कामात दोरी सैल सोडावी लागते. ओढून धरली की वेढा लहान पडतो, कडा वर उचलते आणि मॅट जमिनीवर बसत नाही. नवशिक्यांचं असं होतं. माझं इतक्या वर्षांत झालं नव्हतं.

"दोरीच कडक आलीये ह्या खेपेला," मी म्हणाले.

"दोरीला कशाला नावं ठेवतेस? उसव."

"उसवते. तुम्ही बसा तिकडे."

"दोघींनी बसलं तर उरकेल. ती यायची वेळ झाली."

"आई, राहू द्या ना. मी करते."

पण त्या खाली बसल्यासुद्धा. मॅट मांडीवर ओढली, टोक शोधलं आणि टाके काढायला लागल्या. मी कात्रीच्या टोकानं दोरे कापत होते आणि त्या वेढा सोडवून पट्टी उलगडत होत्या. मी मुद्दाम भराभर कापत होते. त्यांनी बोटं लावायच्या आत ते काज ओढून घ्यावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ते आलं तेव्हा माझी कात्री दोऱ्यात अडकली होती.

सासूबाईंची बोटं थांबली. त्यांनी अंगठा काजावरून फिरवला. मग उलटा फिरवला.

"हे तू केलंयस," त्या म्हणाल्या.

"कुणाचंतरी असेल. अल्टरेशनवाल्याकडून आलेलं."

"तुझं काज मला कळत नाही होय? शिकवलं कुणी तुला? एका टोकाला जादा टाका मारतेस अजून. किती वेळा सांगितलं, मारू नको." त्यांनी पट्टी नाकाशी नेली आणि तशीच धरून ठेवली. "त्याचा आहे?"

मी कात्रीत अडकलेला दोरा सोडवत राहिले.

"बोल की."

"हो."

"मी फाडला?"

"हो."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती होत नव्हती. आम्ही दोघी ती सुरू होईपर्यंत तशाच बसलो.

"मऊ होता," त्या म्हणाल्या. "हाताला आला तेव्हा मी मनात म्हटलंसुद्धा, काय छान कापड आहे. पोटच्या पोराचा शर्ट, आणि मला कळलं नाही."

"मलाही नाही कळलं. निम्मा लावून झाला तोवर."

"तुला तर दिसतं."

हे त्यांनी टोचून म्हटलं नव्हतं. पण खरं होतं, मला तर दिसतं.

"कॉलर कुठंय?" त्यांनी एकदम विचारलं. "कॉलर मी काढून टाकली असणार. कॉलर कुठंय गं?"

कॉलर, कफ, खिसे, जाड शिवणी, दोरीवर बसत नाही ते सगळं आम्ही टोपलीत टाकतो. टोपली आदल्या दिवशीच मी खाली रिकामी करून आले होते. कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती.

"गेली," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पट्टी बोटाला गुंडाळत राहिल्या, सोडवत राहिल्या. मला वाटलं, संपलं, आता ही बाई पुन्हा कापड हातात धरत नाही. आणि मग तोंडून निघून गेलं, "तुम्ही तो घेतलात कशाला आई? खुंटीवरचा एक शर्ट तेवढा ठेवला होता मी. सगळं घर फाडायला होतं ना तुम्हाला!"

"मी घेतला?" त्या म्हणाल्या. "त्या खुंटीपर्यंत माझा हात तरी पोचतो का? पिशवी तू भरून दिलीस."

मी दारामागच्या खुंटीकडे बघितलं.

मऊ कापड संपलंय, घरातलं काही निघतंय का बघ, असं त्या मागच्या आठवड्यात म्हणाल्या होत्या. मी चादर काढली, एक परकर काढला. मग दारामागे गेले. खुंटीवर विटका टॉवेल होता, तो ओढला, आणि त्याच्याखाली जे होतं ते सगळं कवेत घेऊन पिशवीत कोंबलं. एवढंच मला आठवत होतं. शर्ट हातात आल्याचं आठवत नव्हतं. आणि तेव्हापासून त्या रिकाम्या खुंटीला मी माझी बाजाराची पिशवी अडकवत होते. रोज अडकवत होते, रोज काढत होते.

"मीच दिला," मी म्हणाले.

"हं."

"मला कळलंच नाही आई. मला हल्ली काही कळतच नाही."

"माहितीये मला," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला, माझं मनगट चाचपडून धरलं आणि सोडलं. "असू दे. बाहेरच्या कुणी तर नाही ना फाडला."

मी उसवलेल्या आणि उरलेल्या निळसर राखाडी पट्ट्या एका बाजूला गोळा केल्या. फार नव्हत्या. एवढा उंच माणूस होता, पण लावायचा राहिलेला शर्ट ओंजळभर झाला.

"ह्या मी ठेवते," मी म्हणाले. "चादरीच्या लावू."

"ठेवून काय करशील?"

"ठेवीन नुसत्या."

"शर्ट असता तर मीच म्हटलं असतं ठेव म्हणून. ह्या पट्ट्या झाल्या आता. डब्यात घालशील, डबा माळ्यावर जाईल." त्यांनी चादरीची एक पट्टी दोन बोटांत चोळून बघितली. "आणि चादर पातळ आहे. तिच्या पायाला फरशी लागेल."

"तुम्हाला चालेल? कुणीही पाय देईल त्याच्यावर."

"कुणीही कशाला? ती एकटी तर उभी असते गल्ल्यामागे."

हे असते तर काय म्हणाले असते, याचा विचार करून बघितला. गालिचा कर, म्हणाले असते. आणि स्वतःच हसले असते.

मी मशीनवर बसले. सासूबाई खाटेवर गेल्या नाहीत. माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या आणि पट्टी दोरीवर स्वतः गुंडाळून एकेक वीत पुढे सरकवत राहिल्या. एरवी हे काम त्या करत नाहीत, म्हणतात बोटं दुखतात. हात सैल सोड, सैल सोड, असं मधूनमधून म्हणत होत्या. काज असलेला तुकडा आला तेव्हा मी कात्रीकडे बघितलं. "असू दे आत," त्या म्हणाल्या. तोही गेला. शर्ट संपल्यावर चादरीचे शेवटचे वेढे मी एकटीनं घातले.

मॅट जमिनीवर टाकली. सगळीकडून बसली.

दिवे लागायच्या सुमारास बेकरीवाली आली. कोपरापर्यंत पीठ, केसांना फडकं बांधलेलं, धापा टाकत. "आहे ना तयार? दुकान भावाच्या गळ्यात मारून आलेय, तो गिऱ्हाइकांशी भांडतो."

"तयार आहे," मी म्हणाले. "उभी राहून बघ."

तिनं चपला दारात काढल्या आणि मॅटवर पाय ठेवला. आधी एक, मग दुसरा. तिचे पाय रुंद आणि सुजलेले होते, टाचांना भेगा होत्या. तिनं खांदे सोडले. तोंडातून एक लांब आवाज निघाला, भरलेली पिशवी खाली ठेवताना निघतो तसा.

"अगंबाई," ती म्हणाली. "कसलं कापड वापरलंत ताई?"

"शर्टाचं आहे. जुन्या."

"छान मुरलेलं आहे. नव्याला हे येत नाही." ती वाकून मॅट गुंडाळायला लागली.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. त्या स्टुलावरच बसल्या होत्या, तोंड तिच्याकडे करून. "बरं वाटलं का पायांना?"

"खूप बरं वाटलं आजी."

"मग उभी राहा की अजून जरा."

"अहो, भाऊ बोंबलेल माझ्या नावानं."

"बोंबलू दे. जरा वेळ."

बेकरीवालीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती हसली आणि पुन्हा मॅटवर उभी राहिली, या वेळी नीट, पदर खोचून. बोटं पसरून तिनं टाचा निळसर राखाडी वेढ्यांत दाबल्या आणि डोळे मिटून घेतले.

मी तिच्या पायांकडे बघत होते. मला त्या पायांचा हेवा वाटला. इतका वाटला की छाती दुखायला लागली आणि मला मशीनची कड धरावी लागली. कित्येक महिन्यांनी मला काहीतरी वाटत होतं, आणि वाटलं ते हे.

"झालं का आजी?" बेकरीवालीनं डोळे न उघडता विचारलं.

"अजून थोडं," मी म्हणाले.