काळ्या देठाचं अळू

"आमचं मेलं तर तुमच्यातलं आमाला द्या बाई, तुमचं मेलं तर आमच्यातलं न्या. म्हंजे कुनाचंच मरत नाय."

चिंधीचा हा आवाज अनसूयाबाईंच्या कानात अकरा वर्षं मुक्कामाला होता. कशेळ्याच्या बाजारात रानभाजीच्या पाटीमागे बसून तिने अळूचे चार गड्डे त्यांच्या पिशवीत टाकले होते आणि बाईंच्या हातचे निशिगंधाचे कांदे आपल्या ओटीत घेतले होते. काळ्या देठाचं अळू ते. वडीत चिंच घालायची विसरलात तरी घशाला खाजायचं नाही, इतकं गुणाचं. पुढे चिंधी गेली. पाटी तिच्या लेकीच्या, वनिताच्या डोक्यावर आली आणि रोपांची देवघेवही तिच्याच हाती आली.

तीच वनिता श्रावणातल्या एका सकाळी कर्जतला बाईंच्या मागच्या दारात येऊन बसली.

"वाडीखालचा झरा बुजवला, बाई. फारमहाऊसवाल्यानं जेसीबी लावला. आयेचं अळू त्या झऱ्यावरच व्हतं. एक पान नाय राह्यलं."

बाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"तुमाला दिलेलं व्हतं नव्हं? तुमी बागवाली मानसं, धा जनांना वाटता. कुनाकडं तरी असंल, बगा. घाई नाय. पुढच्या बाजाराला आना." मोरीमागे डोलणाऱ्या अळवाकडे तिने एकवार पाहिलं, चपला पायात सरकवल्या आणि निघाली.

मोरीमागचं अळू देखणं होतं. देठ तसेच काळे, पानं तशीच रुंद. फक्त ते चिंधीचं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी बाईंनी माती बदलायला म्हणून सगळे गड्डे उकरून, धुऊन, टोपलीत घालून ओट्यावर ठेवले. नेमकी एकादशी. नानांना, म्हणजे बाईंच्या यजमानांना, वाटलं उपासाच्या अळकुड्या आणल्यात. हौसेने त्यांनी कुकर लावला, साली काढल्या, तुपाजिऱ्यावर परतल्या. बाई देवळातून आल्या तेव्हा ताट वाढलेलं. चौथी फोड तोंडात असताना त्यांनी विचारलं, "कुठून हो आणल्यात? छान मऊ आहेत." नानांनी ओट्यावरच्या रिकाम्या टोपलीकडे बोट दाखवलं.

त्याच आठवड्यात त्यांनी नर्सरीतून दिसायला तसलंच अळू आणून गुपचूप लावलं. वनिताला सांगायला मात्र जीभ उचलली नाही. आईची आठवण, आणि ती आपण तुपावर परतून खाल्ली, हे सांगायचं कसं?

"मी खाल्लं म्हणून सांग की," वनिता गेल्यावर नाना म्हणाले.

"तुम्ही एकट्यांनी खाल्लं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं!"

दहा जणांना वाटता, असं वनिता म्हणाली होती. बाईंनी डोकं खाजवलं. महिन्यातून एका रविवारी कर्जतच्या बागवाल्या मंडळींचा मेळा भरायचा, फांदी द्यायची आणि फांदी न्यायची. त्या गड्ड्यांची पिलं त्यांनी तिथे कुणाकुणाला दिली होती. बाई एकेकीला फोन लावू लागल्या. एकीचं कुंडीत कुजलं होतं. दुसरी घर विकून पुण्याला गेली होती. तिसरी चौक गावची, जुन्या हायवेवर ढाबा चालवणारी सुरेखा.

"तुम्ही दिलेलं? ताई, नुसतं माजलंय हो ढाब्यामागे! पण मी तिथे तीन जातींचं लावलंय. कुठलं तुमचं, ते देव जाणे."

रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून बाईंनी चाफ्याची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि चौकची एसटी धरली. ढाब्यामागे पाण्याच्या टाकीशी हिरवं रान उठलं होतं. काळे देठ, काळेच देठ, सगळ्या बहिणी एका तोंडावळ्याच्या. बाईंनी तिन्ही आळ्यांमधून एकेक पान खुडलं.

"वड्या कर. तीन वेगवेगळ्या. चिंच घालू नकोस."

"चिंच नको? घसा धरला तर मला बोलायचं नाही हं, ताई!"

पहिल्या वडीने बाईंना ठसका लागला. दुसरीने डोळ्यांत पाणी आणलं, सुरेखाने धावत ताक आणून दिलं. घसा निवल्यावर त्यांनी तिसरी तोंडात टाकली, गिळली आणि डोळे मिटून बसल्या. हायवेवरून एक ट्रक गेला. मग दुसरा गेला.

"काय होतंय?" सुरेखाने विचारलं.

"काही नाही."

"नक्की?"

"अगं बये, काहीसुद्धा होत नाहीये!" आणि बाई इतक्या मोकळ्या हसल्या की चहा पिणारा ड्रायव्हर वळून बघू लागला. छातीवरचा वरवंटा कुणी अलगद उचलून ठेवावा, तसं त्यांना झालं.

बाजारच्या दिवशी कशेळ्याला बाईंनी ढाब्यामागचे चार गड्डे वनिताच्या पुढ्यात ठेवले. तिने एक नखाने खरवडला, नाकाशी नेला.

"आयेचंच," ती म्हणाली. पुन्हा वास घेतला. "आयेचंच हाय."

तिचा चेहरा पाहून बाईंचं पोट भरलं. काम फत्ते झालं होतं. आता कुणी काही विचारणार नव्हतं, आणि रस्त्यावर जीपवाला कर्जत-कर्जत ओरडत होता. तेवढ्यात वनिताने चारांतले दोन गड्डे उचलून त्यांच्या पिशवीत टाकले.

"ह्ये तुमचं. लावा घरी."

बाई जीपकडे गेल्या नाहीत. तिथेच, पाटीशेजारच्या गोणपाटावर, धुतल्या पातळानिशी बसल्या.

"वनिता, तुझ्या आईचं अळू आम्ही उकडून खाल्लं गं. उपासाला. नानांनी आणि मीपण. मोरीमागे आहे ते नर्सरीचं. हे मी चौकहून आणलं. चार वर्षं तुझ्याशी खोटं वागले."

वनिताने भाजीवर पाण्याचा हबका मारला. मग तोंडाला पदर लावून ती गदगदून हसू लागली.

"मोरीमागचं आयेचं नाय, त्ये मला ठावं हाय, बाई. मागल्या गौरीच्या सणाला तुमी परेमानं बिनचिंचेच्या वड्या बांधून दिल्या व्हत्या ना, तवा कर्जतपासनं हितवर जीपमधी घसा खाजवीत आले. पर कसं म्हनू तुमाला?"