सेवकराम पोचेपर्यंतचा केर

घरातलं माणूस लांबच्या प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घरात केरसुणी उचलायची नाही, हा चंद्रभागाबाईंचा नेम होता. आजवर तो कधी जड गेला नव्हता. पवनीहून नागपूरला निघालेला माणूस दुपारपर्यंत पोचतोच. पण त्यांचा सेवकराम रविवारी निघाला तो वेल्डिंगच्या कामावर थेट कुवेतला. मुंबईपर्यंत रेल्वे, मग मंगळवारी संध्याकाळी विमान. पोचलो की तार करतो, असं तो सांगून गेला होता.

बुधवार उजाडला आणि त्याची बायको कौशल्या कासावीस झाली. सासूबाई रहाट फिरवत हातमागाच्या कांड्यांवर सूत भरत होत्या. सुताची पिंज घरभर उडत होती, आणि दहा महिन्यांची गुलाब तिच्यातून रांगत हाती लागेल ते तोंडात घालत होती. पोरीला ढास लागली होती.

"आत्याबाई, पोचले असतील आता. झाडू का?"

"अवं, मुंबईलेच एक रात अन् वरून आर्धा दिवस लागते. हा त समुद्राच्या पल्याड! इमान झालं तरी शुक्रवार धर."

कौशल्या पोरीला कडेवर घेऊन शेजारच्या गोपाळराव मास्तरांकडे गेली.

"पावणेदोन हजार मैल," मास्तर म्हणाले. "चार तास लागतात. आठला उडालं की तिथं साडेनवाला उतरते."

"आठ ते साडेनऊ चार तास कसे जी?"

"तिथलं घड्याळ आपल्याहून अडीच तास मागं असते, वहिनी."

तिनं घरी येऊन हे सांगितलं मात्र, चंद्रभागाबाईंना हसू आवरेना. "रेल्वे मुंबईलेच थकते, अन् तुहा मास्तर चार तासात कुवेत दाखवते! घड्याळबी मागं नेते! इचार त्याले, माहा पोरगाबी मागं आला काय?" बोलता बोलता त्यांनी पदरानं डोळे टिपले.

मास्तर खोटं बोलणार नाहीत, हे कौशल्येला कळत होतं. तरी विमानाला उशीर झाला असला तर? तिच्या डोळ्यांपुढचं विमान काही केल्या खाली उतरेना. केरसुणीपर्यंत गेलेला हात तिनं दोनदा मागे घेतला.

तेवढ्यात गुलाबचा आवाज बंद झाला. तोंड लालभडक. कौशल्येनं तिला पालथी धरून पाठ थोपटली, तोंडात बोट घातलं आणि ओला पिंजेचा गोळा ओढून काढला. पोरगी किंचाळली तेव्हा कुठे आईचा श्वास सुटला. तिनं तडक केरसुणी उचलली.

"ठेव ते!"

"नाही ठेवत, आत्याबाई. आता नाही."

"ठेव म्हणते न! बायकोनं नाही झाडू. आण इकडे." चंद्रभागाबाईंनी केरसुणी हिसकावली. "मी माय आहो त्याची. काही लागलं त मले लागन."

कमरेवर हात दाबत त्यांनी मागाच्या खड्ड्यापासून चुलीपर्यंत सगळं झाडलं. पण केर बाहेर टाकला नाही. दाराआड ढीग करून त्यावर टोपली पालथी घातली. "उंबऱ्याबाहेर तारच आल्यावर."

दुपार कलली. तार आली नव्हती. दोघी दाराकडे कान लावून बसल्या होत्या. गुलाब हुंकार देत टोपलीकडे रांगत निघाली, आणि सासू-सून एकदमच उठल्या.